शुल्क आणि उच्च शिक्षणाची मागणी

उच्च शिक्षणाची मागणी म्हणजे महाविद्यालयीन शिक्षण घेण्याची इच्छा आणि त्यासाठी खर्च करण्याची क्षमता होय. किंमत वाढली की मागणी घटते, हा अर्थशास्त्रातील सामान्य नियम येथे अंशतःच लागू पडतो. शिक्षणाचा दर्जा प्रवेशाआधी पारखता येत नाही. म्हणून पालक अनेकदा शुल्कालाच दर्जाची खूण मानतात.

महाराष्ट्रातील अनुभव

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शासकीय महाविद्यालयांपेक्षा शुल्क कितीतरी अधिक असूनही या जागांना मागणी राहिली. प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणगीला (कॅपिटेशन फी) आळा घालण्यासाठी १९८७ साली कायदा करावा लागला. पुढे महाविद्यालयांची संख्या वाढली, पदवीनंतरच्या नोकरीची खात्री कमी झाली आणि २०१०च्या दशकात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिक्त राहू लागल्या. एकाच महाविद्यालयात शुल्क सारखे असले, तरी संगणक शाखा भरते आणि स्थापत्य किंवा यंत्र शाखेत जागा उरतात. हा फरक किमतीचा नसून अपेक्षित मूल्याचा आहे.

शुल्काव्यतिरिक्त किंमत

ग्रामीण भागात शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील तापीकाठचे प्रकाशा हे तीर्थक्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. येथील विद्यार्थ्याने पदवीसाठी शहादा गाठले, तर रोजचा प्रवास पुरतो. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी धुळे, जळगाव किंवा नाशिक निवडल्यास खोलीभाडे व खानावळ यांचा भार पडतो. शिवाय बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे. अर्थशास्त्रात त्याला संधी खर्च म्हणतात. कापूस वेचणीचा हंगाम नेमका महाविद्यालयाच्या सत्रातच येतो, त्यामुळे शेतमजूर कुटुंबाला तो विशेष जाणवतो. परिणामी शुल्क माफ झाले, तरी शिक्षण मोफत होत नाही.

२०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अशा विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन व निवासाची रक्कम थेट बँक खात्यात दिली जाते. २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जी सवलत लागू झाली, ती मात्र शिक्षण व परीक्षा शुल्कापुरतीच आहे.