झांजिबारची अपुरी मुक्ती

गुलामगिरी म्हटली की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील कापसाची शेते उभी राहतात. तथापि हिंदी महासागराच्या पैलतीरी, झांजिबार बेटावर, हाच अनर्थ लवंगेच्या बागांत घडत होता, याचे स्मरण फारसे कोणास नसते. एकोणिसाव्या शतकात ओमानी अरबांच्या अमलाखाली हे बेट लवंगेच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र झाले. बागांत राबण्यासाठी न्यासा सरोवराच्या आसमंतातील माणसे पकडून किल्वा बंदरातून तेथे आणीत. या उलाढालीतील भांडवल पुष्कळ अंशी कच्छी सावकारांचे होते. इतकेच नव्हे, तर ब्रिटिश वकील रिग्बी याने १८६० मध्ये तेथील हिंदी लोकांच्या ताब्यातील कित्येक हजार गुलाम मुक्त केले. तेव्हा या पापापासून आपण सर्वस्वी अलिप्त होतो, असे म्हणण्याची सोय नाही.

ब्रिटिश आरमाराच्या धाकाने सुलतान बर्घश याने ५ जून १८७३ रोजी करार करून समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद केला. बाजार उठला व त्या जागी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभे राहिले. परंतु बेटावरील गुलाम गुलामच राहिले. त्यांच्या मुक्तीचा कायदा व्हावयास १८९७ साल उजाडावे लागले, आणि तो कायदाही कसा? मुक्ती हवी असेल त्याने स्वतः न्यायालयात अर्ज करावा. नुकसानभरपाई मात्र धन्यास मिळावी. मुक्त झालेल्याने आपणास घर व उपजीविकेचे साधन आहे हे दाखवावे, न दाखविल्यास तो भटक्या ठरावा. उपपत्नी म्हणून ठेवलेल्या स्त्रियांना तर १९०९ पर्यंत या कायद्याचा लाभ नव्हता.

ज्याच्या मालकीची वीतभर जमीन नाही, त्याने घर दाखवावे कोठून? साहजिकच पुष्कळ जण जुन्या धन्याच्याच बागेत झोपडी घालून राहिले. पोटापुरते पिकविण्याची मुभा त्यांना मिळाली. लवंगेची झाडे धन्याचीच राहिली. दोन पिढ्या साचलेला हा विषाद जानेवारी १९६४ च्या क्रांतीत उफाळला. त्या उत्पातास इतरही राजकीय कारणे होती. पण त्यात हजारो अरब मारले गेले, हिंदी कुटुंबेही होरपळली, आणि पुढे बागा सरकारजमा होऊन तीन तीन एकरांचे तुकडे शेतकऱ्यांस वाटले गेले. जे १८९७ मध्ये शांतपणे देता आले असते, ते रक्तपातानंतर दिले गेले.

बेडी तोडणे हे मुक्तीचे अर्धेच कार्य होय. मुक्त माणसास उभे राहण्यापुरती भूमी न दिल्यास उरलेला अर्धा हिशेब नातवंडांच्या माथी येतो, आणि तो बहुधा व्याजासह येतो.