सोलापुरी बोलीचे शेजारधर्म

दोन भाषांत साम्य दिसले की त्या एका कुळातल्या असाव्यात, असा समज पटकन होतो. थाई आणि तागालोग या आग्नेय आशियातल्या दोन भाषा तो समज तपासण्यास उपयोगी पडतात. शिक्षकाला थाई माणूस 'ख्रू' म्हणतो, तर फिलिपिन्समधला तागालोग भाषक 'गुरो' म्हणतो. दोहोंच्या मुळाशी आपला 'गुरू' आहे. तागालोगमधले 'दिवाता', 'आसा', 'मुखा' आणि थाईमधले 'फासा' (भाषा), 'आकात' (आकाश) हे शब्द आपल्याला सहज ओळखू येतात.

तरीही या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. 'मी मासा विकत घेतला' हे तागालोगमध्ये 'बुमिली आको नङ् इस्दा' असे होते. क्रियापद आधी येते आणि 'बिली' या धातूच्या पोटात 'उम्' हा प्रत्यय शिरतो. थाईत 'छान सू प्ला' असे तीन सुटे शब्द येतात. तिथे विभक्ती नाही, प्रत्यय नाही आणि अर्थ बराचसा सुरावर ठरतो. तागालोग ऑस्ट्रोनेशियन कुळातली, थाई ताई-कडाई कुळातली. संस्कृत शब्द दोन्हींकडे पोहोचले ते व्यापार, धर्म आणि राजदरबार यांच्या वाटेने. शब्द आले, पण व्याकरण जागचे हलले नाही.

सोलापुरात याच्या उलट घडले आहे आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. इथे शब्द वेगळे राहिले आणि व्याकरणे जवळ आली.

या शहराचे बहुभाषिकत्व जुने आहे. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, शिलालेख मराठीच्या आद्य नमुन्यांत गणला जातो. त्याच परिसरात चालुक्यकाळातले अनेक लेख कन्नडमध्ये आहेत. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. पण गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या नंदीध्वजांसमोर होणारा जयघोष एकाच भाषेचा नसतो. १८७७ मध्ये 'जुनी मिल' सुरू झाली आणि पुढे गिरण्या, हातमाग व यंत्रमाग वाढत गेले, तसे तेलंगणातले पद्मशाली विणकर पूर्व भागात मोठ्या संख्येने स्थायिक झाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा एका बाजारात नांदू लागल्या.

यांतल्या कन्नड आणि तेलुगू द्रविड कुळातल्या. कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये या कुळाचे तुलनात्मक व्याकरण लिहिले. मराठी व उर्दू आर्य कुळातल्या. आता हे वाक्य पाहा : 'मी घरी जाऊन जेवून आलो.' तेलुगूत ते 'नेनु इंटिकि वेळ्ळि तिनि वच्चानु' आणि कन्नडमध्ये 'नानु मनेगे होगि ऊट माडि बंदे' असे होते. एकही शब्द सारखा नाही. पण मराठीतल्या 'जाऊन', 'जेवून'च्या जागी तिथेही तशीच पूर्वक्रियावाचक रूपे आहेत आणि शेवटी एकच मुख्य क्रियापद. शब्दांखाली शब्द ठेवून वाक्य जवळजवळ जसेच्या तसे मांडता येते.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर मराठीत 'आपण', वगळून बोलायचे तर 'आम्ही'. तेलुगूतही 'मनम्' आणि 'मेमु' असा भेद आहे. प्रमाण हिंदीत 'हम' एवढेच आहे. आजच्या प्रमाण कन्नडातही एकच 'नावु' आहे, म्हणजे या बाबतीत तेलुगूची बहीण तिच्यासारखी नाही आणि मराठी ही शेजारीण मात्र आहे. मराठीतला हा भेद द्रविड सहवासातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तरी केवळ एका लक्षणावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते : तागालोगमध्येही 'तायो' आणि 'कामी' असा हाच भेद आहे, थाईत मात्र एकच 'राव' चालते. तागालोगचा आणि तेलुगूचा तर काही संबंध नाही. म्हणून सहवासाचा पुरावा म्हणून अनेक लक्षणे एकत्र मिळावी लागतात.

तसा पुरावा सोलापूरपासून फार दूर नसलेल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडने दिला. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू या भाषांचा अभ्यास करून १९७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. शतकानुशतकांच्या व्यवहारात तिथल्या भाषांची वाक्यरचना इतकी जुळली होती की एका भाषेतले वाक्य दुसरीत नेताना फक्त शब्द बदलावे लागत. प्रमाण कन्नडात 'इदु नन्न मने' या वाक्याला 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडमध्ये ते मराठीप्रमाणे येते. मग शब्द तरी वेगळे का उरले? कारण घरची भाषा ही जातीची, समाजाची ओळख होती. बाजारासाठी व्याकरण जुळवले गेले आणि उंबऱ्याच्या आत शब्द राखले गेले.

आपल्या मराठीनेही या शेजाराचे बरेच घेतले आहे. 'तूप', 'अडकित्ता', 'अण्णा', 'अक्का' हे शब्द कन्नडकडचे. पंढरपूरच्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी 'कानडा' म्हटले, ते काही परकेपणाने नव्हे.

हा इतिहास विसरल्याची किंमत मोठी असते. १९६७ च्या महाजन आयोगाने जत, अक्कलकोट आणि सोलापूर या भागांविषयी केलेल्या शिफारशी असोत वा त्यांना झालेला विरोध असो, दोन्हींच्या मुळाशी एक गृहीत होते : गावाची एक भाषा असते आणि ती मोजता येते. जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव मावते. पण पूर्व भागातला विणकर घरी तेलुगू, मागावर मराठी आणि शेजाऱ्याशी दखनी बोलत आला. त्याचे कोणते उत्तर खोटे ठरवायचे?

आता प्रश्न सीमेपेक्षा घरातला आहे. आजीची तेलुगू नातवाला समजते, बोलता येत नाही, असे चित्र वाढते आहे. उंबऱ्याच्या आत राखलेले शब्दच गेले, तर उरणारे साम्य हे सहवासाचे राहणार नाही, ते केवळ एका भाषेने दुसरीची जागा घेतल्याचे असेल. सोलापूरच्या मराठीत कन्नड आणि तेलुगूने काय ठेवले, याची पद्धतशीर नोंद त्या भाषा बोलणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच व्हायला हवी. ते काम परगावच्या विद्यापीठाने येऊन करावे, अशी वाट पाहण्याचे कारण नाही.