मोटारसायकल लवकर सुरू होत नसेल तर...

मोटारसायकल सुरू होत नसल्यास सतत किक मारत राहण्यापेक्षा दोष क्रमाने शोधणे हितावह ठरते. प्रथम किल स्विच, टाकीतील पेट्रोल व पेट्रोल कॉक पाहावा. त्यानंतर, इंजिन थंड असताना, स्पार्क प्लग काढावा. बिघाडाची दिशा बहुधा प्लगच दाखवितो. बऱ्याच किक मारूनही प्लग कोरडा असल्यास पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचत नाही. कार्ब्युरेटरचा जेट किंवा नळी तुंबलेली असू शकते. प्लग पेट्रोलने ओला असल्यास ठिणगी क्षीण असते अथवा चोकच्या अतिवापराने इंधन जादा झालेले असते. प्लगवर काजळी साचली असेल, तर एअर फिल्टर तपासावा. पावसाळ्यात प्लगची टोपी पुसून कोरडी करावी. ठिणगीची परीक्षा सांडलेल्या पेट्रोलजवळ कदापि करू नये. आग लागू शकते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाल्यापासून नव्या मोटारसायकलींत प्रामुख्याने फ्युएल इंजेक्शन असते. त्यातील इंधनपंप विजेवर चालतो. त्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरली, की किकही निष्फळ ठरू शकते. अशा गाडीत तपासणीचा आरंभ बॅटरीपासून करावा.