संवेदनशील दातांसाठी टूथपेस्टमधील खनिजे
थंड पाणी किंवा आंबट फळ लागताच दातांत उठणारी सणक शमवण्यासाठी टूथपेस्टमध्ये घातले जाणारे खनिज घटक. हिरड्या सरकल्या किंवा इनॅमल झिजले, की आतील दंतिन उघडे पडते. त्याच्या सूक्ष्म नलिकांमधील द्रवाची हालचाल चेतातंतूंना डिवचते, हे स्वीडिश दंतवैज्ञानिक ब्रॅनस्ट्रॉम यांचे प्रतिपादन आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. तेव्हा एकतर नलिका बुजवायच्या, नाहीतर चेतातंतू शांत करायचे. हे दुसरे काम पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे बंदुकीच्या दारूतला तोच सोरा, करतो. त्याचे प्रमाण सहसा ५ टक्के असते. गुण यायला काही आठवडे लागतात. १९६१ मध्ये आलेल्या सेन्सोडाइनमध्ये स्ट्राँशियम क्लोराइड होते. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडांसाठी घडवलेली जैवकाच पुढे टूथपेस्टमध्ये आली. लाळेत ती कॅल्शियम व फॉस्फेट सोडते आणि नलिकांच्या तोंडाशी थर बसवते. सर्वांत लक्षवेधी घटक हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, कारण इनॅमल मुख्यत्वे याच खनिजाचे बनलेले असते. जपानच्या सांगी कंपनीने १९८० मध्ये त्याची टूथपेस्ट बाजारात आणली. किडीविरुद्ध मात्र फ्लोराइडमागचा पुरावा अधिक भक्कम आहे. किडलेल्या वा तडकलेल्या दाताची कळ यांपैकी कशानेही बरी होत नाही.