ज्ञानकोशापासून चावडीपर्यंत

तिगावशी रुळांनी जोडलेल्या नागपुरातच डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे मंडळ उभारले. १८८४ साली रायपूरला जन्मलेले केतकर आपल्यासारखेच जुन्या मध्यप्रांताचे. ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले खरे. परंतु त्यासाठी भागभांडवल, वर्गणीदार आणि वेतनावरील सहकारी जमवावे लागले.

१ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाला असे मंडळच नव्हते. ज्यावर तो चालतो ती ‘मीडियाविकी’ प्रणालीही मुक्तस्रोत. येथे लेखकास कोणी नेमत नाही. ज्यास लेख सुधारावासा वाटतो तो सुधारतो. प्रत्येक बदलाची नोंद राहते, म्हणून चुकीचा बदल परतविता येतो. प्रचालक होण्यास मात्र इतर सदस्यांचा कौल लागतो. सामायिक चर्चेच्या पानास ‘चावडी’ म्हणतात, हे मला फार समर्पक वाटते. (गावच्या चावडीवर निदान चेहरे तरी दिसत!)

अडचण निराळीच आहे. वेतनाचे बंधन नसलेला माणूस निरोप न घेता निघून जातो आणि त्याचा विषय अर्धाच राहतो. त्यातून सीमेवरचे विषय तर हाती घेणारेच थोडे. पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला. तेथे सरकारी कागद हिंदीत, घरचे बोलणे मराठीत. तिगावच्या आळ्यांची, शिवारांची नावे आपल्या तोंडी कशी आहेत, हे पुण्याच्या सदस्यास कसे कळावे?