कुलसूम सयानींचं ‘रहबर’

अमीन सयानींचा आवाज आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा; त्यांच्या आईचं नाव मात्र मला फार उशिरा कळलं. १९०० साली गुजरातेत जन्मलेल्या कुलसूम सयानी मुंबईत प्रौढ स्त्रियांना, पडद्यातल्या मुस्लिम बायकांनाही, अक्षरं शिकवत. पण शिकलेल्या बाईनं पुढं वाचायचं काय? म्हणून १९४० मध्ये त्यांनी ‘रहबर’ काढलं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिप्या मात्र तीन: देवनागरी, उर्दू, गुजराती. हिंदी-उर्दूवरून माणसं तुटत होती, त्या काळातला हा खटाटोप! लहानगा अमीनही त्यात हात लावायचा. पुढं रेडिओवर देशानं ऐकलेली त्याची साधी बोली मला तरी आईच्या तालमीतली वाटते.

माझी दादी उर्दू वाचायची, देवनागरी नाही. माझे शाळेतले मराठी निबंध ती मलाच वाचायला लावून ऐकायची.