ल शाँबोंचा गौरव : नामावलीचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील व्हिव्हारे-लिन्यों पठारावरच्या ल शाँबों-स्युर-लिन्यों या गावाने व आसपासच्या खेड्यांनी ज्यू निर्वासितांना आश्रय दिला, ही हकीकत सुपरिचित आहे. या कार्याचा पुढे गौरव कसा झाला, हा प्रश्न मात्र फारसा चर्चिला गेलेला नाही; वस्तुतः ऐतिहासिक साधनांचा विचार करणाऱ्यास तोच अधिक उद्बोधक वाटावा.

पठारावरील बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट होते. १६८५ मध्ये नांतचा जाहीरनामा रद्द झाल्यानंतर पूर्वजांनी सोसलेल्या छळाची स्मृती त्यांच्यात जिवंत होती. २३ जून १९४० रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या दुसऱ्याच दिवशी, आंद्रे त्रोक्मे व एदुआर तेस या धर्मोपदेशकांनी अन्यायाला आत्मिक शस्त्रांनी विरोध करण्याचे आवाहन केले. परंतु हे कार्य केवळ त्या दोघांचे होते असे मानणे चुकीचे ठरेल. ग्युर्स, रिव्हसाल्त यांसारख्या छावण्यांतून मुलांना सोडवून आणण्यात सिमाद ही फ्रेंच प्रॉटेस्टंट संस्था, क्वेकर मंडळी व स्विस मदतसंस्था यांचा वाटा मोठा होता. आलेल्यांपैकी पुष्कळजण मूळचे जर्मनी, ऑस्ट्रिया वा पोलंडचे होते. वसतिगृहे, भोजननिवास व दूरवरची शेतघरे यांत त्यांची सोय होई, आणि शेजारच्या घरी कोण राहतो याची चौकशी सहसा कोणी करीत नसे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये अधिकाऱ्यांनी गावातील ज्यूंची यादी मागितली, तेव्हा त्रोक्मे यांनी ती देण्याचे नाकारले. स्वतः निर्वासित असलेला ऑस्कर रोसोव्स्की हा तरुण खोट्या नावांची ओळखपत्रे तयार करीत असे. नाव न लिहिणे, किंवा लिहिलेच तर खोटे लिहिणे, हाच या कार्याचा आधार होता. त्याचे मोलही द्यावे लागले : २९ जून १९४३ च्या धाडीत विद्यार्थ्यांसह पकडलेले दानिएल त्रोक्मे १९४४ मध्ये मायदानेक येथे मरण पावले.

युद्धानंतरच्या गौरवाला मात्र नेमकी नावेच हवी होती. जेरुसलेम येथील याद वाशेम ही संस्था 'राष्ट्रांमधील धर्मनिष्ठ' हा किताब व्यक्तीस देते, आणि त्यासाठी वाचलेल्यांची साक्ष वा कागदोपत्री पुरावा आवश्यक मानते. आंद्रे त्रोक्मे यांना तो १९७१ मध्ये व दानिएल यांना १९७६ मध्ये मिळाला. ज्या शेतकऱ्याकडे मूल एकच रात्र राहिले व ज्याचे नावही त्याला कळले नाही, त्याच्यासाठी साक्ष कोण देणार? १९७९ मध्ये आश्रय घेतलेल्यांनी गावातील प्रार्थनामंदिरासमोर लावलेल्या फलकाने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. त्यात येथील प्रॉटेस्टंट समाजाचे व त्याच्या उदाहरणाने प्रेरित झालेल्या सर्वांचे ऋण मानले आहे. कॅथलिक व निधर्मी साहाय्यकर्त्यांना या शब्दयोजनेत दुय्यम स्थान मिळते, हा आक्षेप रास्त होय.

१९९० मध्ये याद वाशेमने आपला व्यक्तिनिष्ठ नियम बाजूला ठेवून ल शाँबों व शेजारच्या गावांतील रहिवाशांना सामुदायिक सन्मानपत्र दिले. असा अपवाद अत्यंत विरळा आहे. त्याच वर्षी ल शाँबों येथे भरलेल्या परिसंवादाने चर्चेचा विषय 'गाव' न मानता 'पठार' मानला. शब्द बदलताच अभ्यासाचे क्षेत्रही विस्तारले. दीर्घकाळ उद्धृत होणारा ५,००० निर्वासितांचा आकडा पुढील संशोधनात मात्र टिकला नाही. याद्याच नव्हत्या, तेव्हा अभ्यासकांना तो शाळांचे दाखले, पोलिसांची दप्तरे व वृद्धांच्या आठवणी यांवरूनच तपासावा लागला.